वाऱ्याचे ऋण

मार्गशीर्ष महिन्यात आपल्या बेळगावातून खानापूरपर्यंत व तेथून परत अशी हौशी सायकलस्वारांची शर्यत झाली आणि तीत आपल्या संस्थेच्या सभासद-कुटुंबातील एका तरुणाने प्रथम क्रमांक मिळविला, हे वृत्त बहुतेक वाचकांस ठाऊक आहेच. त्याच्या सत्काराचा विषय कार्यकारी मंडळापुढे आला तेव्हा सर्वांस आनंद झाला. परंतु आठ दिवसांच्या आतच त्या आनंदात मिठाचा खडा पडला. शर्यत पाहिलेल्या काही मंडळींनी असे म्हणावयास आरंभ केला की, हा मुलगा परतीच्या वाटेवर गणेबैलापासून इतर तिघांच्या पाठीआड राहून आला, पुढे होऊन वारा म्हणून त्याने अंगावर घेतला नाही, आणि शेवटची रेषा दिसताच ताज्या दमाने मुसंडी मारून निघून गेला. अशा विजयाबद्दल देवळात शाल-श्रीफळ देणे शोभते काय, असा त्यांचा प्रश्न आहे. दुसरा पक्ष म्हणतो की, पंचांनी ज्याला पहिला म्हटले तो पहिला. त्यापलीकडे बोलणे हा मत्सर होय. सायंकाळच्या आरतीनंतर सभामंडपात हा वाद इतक्या वेळा झडला आहे की, ज्यांनी जन्मात पायडलला पाय लावला नाही त्यांचेही मत आता ठाम झाले आहे.

आम्ही स्वतः त्या शर्यतीत उतरलो होतो. आमची जागा पुढच्या चौघांत नव्हती, त्यांच्या बऱ्याच मागून येणाऱ्या थव्यात होती. तेव्हा अखेरच्या किलोमीटरांचे आम्ही साक्षीदार नाही आणि त्या तरुणाचा न्याय करण्याचा अधिकारही आम्ही स्वतःकडे घेत नाही. परंतु या वादाच्या तळाशी जो प्रश्न आहे तो सायकलीपुरता नाही, आणि तो सोडवावा असे आम्हांस मनापासून वाटते. ज्याच्या आडोशाने आपण पुढे आलो, त्याचे आपण काही देणे लागतो काय? लागत असलो तर ते कोणी मोजावयाचे, आणि फेडावयाचे ते कोणाला?

प्रथम वाऱ्याविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. बाजारातून भाजीची पिशवी हँडलला अडकवून सावकाश घरी येणाऱ्याला वारा ही सुखाची वस्तू वाटते. वेग वाढू लागला म्हणजे मात्र तीच हवा भिंतीसारखी घट्ट होत जाते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यातून वाट काढावयास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट करावयाचा तर अडथळा चौपट होतो आणि शक्ती आठपट लागते. ताशी ४० किलोमीटरच्या सुमारास सपाट रस्त्यावर स्वाराची शेकडा ८० हून अधिक मेहनत केवळ हवा बाजूस सारण्यात खर्ची पडते. टायरचे घर्षण आणि चेनची कुरकुर यांच्या वाट्याला जे येते ते उरलेले. आता अशा स्वाराच्या मागच्या चाकाजवळ आपले पुढचे चाक वीतभर अंतरावर आणून जो येतो, त्याच्यापुढची हवा आधीच फुटलेली असते. पुढच्याच्या वेगाने तो जातो, परंतु त्याची मेहनत सुमारे पाव ते तृतीयांश वाचते. मोठ्या थव्याच्या पोटात हा लाभ आणखी वाढतो. नेदरलँड्समधील आइंडहोवेन येथील प्रा. बर्ट ब्लोकेन यांनी २०१८ साली १२१ स्वारांच्या थव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की, थव्याच्या मध्यभागी व मागील भागात दडलेल्या स्वाराला, एकट्याने जाणाऱ्या स्वाराच्या तुलनेत, हवेचा अवघा ५ ते १० टक्के अडथळा सोसावा लागतो. हा आकडा प्रथम वाचला तेव्हा आमचाही विश्वास बसला नव्हता.

त्यातही वारा जर बाजूने येत असेल तर आडोसा पाठीमागे नसतो, तिरका असतो. मार्गशीर्षात आपल्याकडे वारा पूर्वेचा. खानापूरचा रस्ता दक्षिणेकडे जातो, म्हणून जाताना वारा डाव्या कानावर आणि परत येताना उजव्या कानावर. अशा वेळी स्वारांची रांग रस्त्यावर तिरपी पसरते; प्रत्येक जण पुढच्याच्या किंचित बाजूला राहून त्याच्या खांद्याची ओट धरतो. रस्त्याची रुंदी संपली की आडोसाही संपतो, आणि ज्याला जागा मिळाली नाही तो कडेच्या खडीवर एकटा वाऱ्याशी झुंजत राहतो. मच्छे गावाच्या पुढे आमच्यापैकी निम्मे लोक याच रीतीने गळाले. ते दुबळे होते असे नाही. रस्ता अरुंद होता.

येथे एक गमतीची गोष्ट सांगावीशी वाटते. पाठीशी कोणी असला म्हणजे पुढच्याचे ओझे वाढते असा आपला समज असतो. वस्तुतः मागचा स्वार पुढच्याच्या पाठीमागील पोकळी भरून काढतो आणि पुढच्याचाही अडथळा दोन-तीन टक्क्यांनी कमी होतो. लाभ अल्प आहे, पण आहे. 'मी या सर्वांना ओढून आणले' असे छाती काढून सांगणाऱ्याने तो विसरू नये.

चढावर हे सारे गणित पुष्कळसे लोपते. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणण्याची प्रथा आहे, ती आम्हांस म्हणूनच फार अर्थपूर्ण वाटते. घाटात वेग इतका मंदावतो की पाठीआड राहून फारसे काही साधत नाही. तेथे ज्याचे त्याने चढावयाचे. खानापूरच्या रस्त्याला असा घाट नाही. तेथे वाराच घाट असतो, आणि तो एकट्याने चढता येत नाही.

म्हणून स्वारांनी पाळीची रीत काढली. चार-पाच जण सुटून पुढे गेले म्हणजे पहिला थोडा वेळ वारा घेतो, मग बाजूला सरून रांगेच्या शेवटी जातो. दुसरा पुढे येतो, मग तिसरा. दुरून पाहणाऱ्याला विहिरीवरचा रहाट आठवावा. एक लोटा भरून वर येतो, रिकामा होऊन खाली जातो, पुन्हा भरतो. एकही लोटा असा नसतो की जो केवळ वरच राहतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचा विचार आला आहे. परस्परांना देत-घेत चालणारे ते चक्र जो पुढे चालवीत नाही, केवळ भोगतो आणि परत काही देत नाही, त्याला तेथे सरळ चोर म्हटले आहे. लहानपणी हा अध्याय पाठ करताना तो शब्द आम्हांस फार कठोर वाटे. पूर्वेच्या वाऱ्यात, पुढच्याच्या चाकावर नजर ठेवून, आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना तो तितकासा कठोर वाटेनासा झाला.

आता नियमाचा पक्ष घेऊ. हा पक्ष हलका नाही. शर्यतीच्या नियमांत पाळी घेतलीच पाहिजे असे कोठेही लिहिलेले नाही. जेथे आडोसा घेऊ द्यावयाचा नसतो तेथे स्वारांना ठराविक अंतराने एकेकटे सोडतात आणि घड्याळाशी लढावयास लावतात. तेथे दुसऱ्याच्या मागे राहणाऱ्याला दंड होतो. जेथे सर्वांना एकत्र सोडतात तेथे आडोसा घेणे हे खेळातच धरलेले असते. ऑलिंपिकचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १८९६ साली अथेन्सला रस्त्यावरची शर्यत सर्वांना एकत्र सोडून झाली होती. परंतु १९१२ पासून १९३२ पर्यंत प्रत्येक वेळी ती एकेकट्याने, घड्याळाशी झाली. १९३६ साली बर्लिनला पुन्हा सर्वांना एकत्र सोडण्यात आले. त्या काळी तेथे केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे. धंदेवाईक स्वारांना तो १९९६ साली प्रथम मिळाला. त्या १९३६ च्या १०० किलोमीटर शर्यतीत फ्रान्सचे दोन हौशी स्वार, रोबेर शार्पांतिये आणि गी लापेबी, एकामागोमाग आले. दोघांत अंतर एका सेकंदाच्या पाचव्या हिश्शाचे. पुढे त्या क्षणाचे एक छायाचित्र चर्चेत आले, त्यात शार्पांतियेचा हात आपल्याच देशबंधूच्या सदऱ्याला धरून ओढीत असल्यासारखा दिसतो. निकाल बदलला नाही. पंचांना जे दिसत नाही ते कधी कधी कॅमेऱ्याला दिसते. पण आपल्या प्रश्नात तर कॅमेऱ्यालाही दिसण्यासारखे काही नाही. पाळी न घेणारा कोणाला हात लावीत नाही, कोणाची वाट अडवीत नाही. तो केवळ मागे राहतो.

आणि नियमाचा पक्ष अपुरा पडतो तो येथेच. नियम सांगतो की कोणाला बाद करावे. कोणाला काय शोभते हे सांगण्याचे काम नियमाने कधी अंगावर घेतलेले नाही, आणि देवळाशी संबंध असलेल्या आपणांस तरी हे समजावून सांगण्याची गरज नसावी. उत्सवात पालखी निघते तेव्हा दांडीला आठ-दहा जण असतात. त्यांत प्रत्येकाने किती भार घ्यावा याचा नियम कोणत्या घटनेत आहे? दांडीखाली खांदा देऊन चालणारा आणि दांडीला नुसता हात लावून चालणारा, दोघेही रस्त्याच्या कडेने पाहणाऱ्यांना सारखेच दिसतात. दोघांच्याही कपाळाला बुक्का असतो, दोघांनाही लोक वाकून नमस्कार करतात. आमच्या वडिलांची हयात देवाच्या सेवेत गेली आहे. त्यांना आम्ही या सायकलच्या वादाविषयी विचारले तेव्हा त्यांनी एवढेच म्हटले की, खांदा कोण देतो हे शेजारच्या खांद्याला कळते. त्यापुढे त्यांनी विषय वाढविला नाही.

परंतु पालखीच्या दाखल्यातच दुसरी बाजूही आहे. ज्येष्ठ सभासद दांडीला हात लावतात ते श्रद्धेने. त्यांनी भार घ्यावा अशी कोणाचीही अपेक्षा नसते. लहान मुलांनाही दांडीजवळ घेतात. तसेच रस्त्यावर. ज्याच्या अंगात पाळी घेण्याची शक्तीच उरलेली नाही त्याने मागे राहिल्यास त्याला चोर म्हणणे हा अन्याय होईल. स्वारांमध्ये असा एक अलिखित संकेत आहे की, थकलेल्याने मागे खुशाल बसावे, त्याला कोणी झिडकारणार नाही; मात्र त्याने मग अखेरच्या मुसंडीत भाग घेऊ नये. हा संकेत चांगला आहे, पण तो पुरेसा बारीक नाही, आणि याच बारकाव्यात आपल्या तरुणाचे प्रकरण अडकले आहे.

त्याने गणेबैलाजवळ इतरांस सांगितले होते की, पोटरीत गोळा आला आहे, मला पाळी जमणार नाही. विरुद्ध पक्ष म्हणतो, ती थाप होती. तो म्हणतो, गोळा खराच आला होता, पुढे तो ओसरला. आता सायकल चालविणारा कोणीही सांगेल की या दोन्ही गोष्टी शक्य आहेत. पोटरीतला गोळा दहा मिनिटांत जाऊ शकतो. आणि तो जातो कशाने? आडोशाने. दुसऱ्याच्या पाठीआड मेहनत कमी पडते, स्नायूंना विसावा मिळतो, दम परत येतो. म्हणजे ज्या आडोशाने त्याला विश्रांती दिली त्याच विश्रांतीतून त्याचे बळ निघाले. पेरणीला बी उसने घेतले आणि पीक आले, असा हा प्रकार आहे. पीक कोणाचे, हा प्रश्न मग उभा राहतो.

आमच्या मते प्रश्नाचा निकाल शेवटच्या रेषेवर लागतच नाही; तो त्या आधी कोठेतरी लागलेला असतो. गणेबैलाला तो खरोखर हतबल असेल तर मागे राहण्यात त्याने कोणाचेही काही घेतले नाही, त्याला जे मिळाले ते आतिथ्य होते. परंतु मध्येच कोठेतरी, पिरनवाडीच्या अलीकडे असो की पलीकडे, त्याला एक क्षण असा आला असेल की पायांत पुन्हा जीव आहे हे त्याला कळले. त्या क्षणी पाळी पुन्हा त्याच्याकडे आली. अशक्त होता तोवर कर्तव्य झोपले होते. शक्ती जागी झाली तसे तेही जागे झाले. त्यानंतर एकदा जरी तो पुढे येऊन दोन-तीन मिनिटे वारा अंगावर घेता आणि मग मुसंडी मारता, तर त्या तिघांपैकी कोणाच्याही मनात किल्मिष राहिले नसते. तो क्षण आला की नाही, आला तर कधी, हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. पंचांना नाही, त्या तिघांना नाही, कार्यकारी मंडळाला नाही आणि आम्हांसही नाही. म्हणून जे लोक त्याला ढोंगी ठरवून मोकळे झाले आहेत त्यांच्याशी आमचे जुळत नाही. त्यांना जे कळणे शक्य नाही ते कळल्याचा आव ते आणीत आहेत.

डावपेचाचा आक्षेप निराळा, आणि तो आम्ही मानीत नाही. कुस्तीत पैलवान डावीकडे झुकल्याचे दाखवून उजवीकडून पट काढतो. त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही, कारण आखाड्यात उतरलेल्या प्रत्येकाला हुलकावणीची कल्पना असते. शर्यतीतही आपला दम लपविणे, चेहरा थंड ठेवणे, चढावर मुद्दाम मागे रेंगाळणे, हे सारे पटाच्या जातीचे आहे. तोंडाने बोललेला शब्द मात्र या जातीचा नव्हे. महाभारतात युधिष्ठिराचा रथ भूमीच्या चार अंगुळे वरून चाले आणि अश्वत्थाम्याविषयी अर्धसत्य उच्चारल्यावर तो भूमीला टेकला, असे सांगितले आहे. युद्धात त्याने बाण सोडले, व्यूह रचले, शत्रूला फसविणाऱ्या चाली पाहिल्या. तोवर रथ वरच होता. रथ खाली आला तो शब्दाने. गुरूने त्याला शत्रू म्हणून विचारले नव्हते, सत्य बोलणारा म्हणून विचारले होते. 'माझ्या पायात गोळा आला आहे' असे जो सांगतो तो त्या घटकेपुरता प्रतिस्पर्धी राहत नाही, आश्रय मागणारा माणूस होतो. आणि ऐकणारे त्याला माणूस म्हणूनच उत्तर देतात. म्हणून हा शब्द खोटा असेल तर ती फार मोठी गोष्ट आहे, आणि खरा असेल तर त्यावर शंका घेणे हीसुद्धा तितकीच मोठी गोष्ट आहे.

काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे पडले की, मुळात जिंकण्याची एवढी हाव कशाला? हारजीत समान मानावी, सायकल व्यायामापुरती चालवावी. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून आम्हांस म्हणावेसे वाटते की, फळाविषयी समत्व सांगणाऱ्यानेच अर्जुनाला धनुष्य खाली ठेवू दिले नाही. जिंकण्याची इच्छा न धरता शर्यतीत उतरणे हा इतर स्पर्धकांचा एक प्रकारे अनादर आहे. आपल्याशी कोणी मनापासून लढावे हा त्यांचा हक्क आहे. शिवाय जिंकण्याची इच्छा आणि दुसऱ्याची जाणीव ही एकत्र नांदत नाहीत असे कोणी ठरविले? २०२२ सालच्या फ्रान्सच्या महाशर्यतीत २१ जुलै रोजी पिरिनीज पर्वतातील उतारावर तादेय पोगाचार घसरून पडला. त्याचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी योनास विंगेगोर तेव्हा आघाडीवर होता. त्याने वेग कमी केला आणि पोगाचार येऊन मिळेपर्यंत थांबला. दोघांनी धावत्या सायकलींवरून हात मिळविला. त्यानंतर त्याच दिवशी शेवटच्या चढावर विंगेगोरने त्याला मागे टाकले आणि पुढे ती संपूर्ण शर्यतही जिंकली. ती धंदेवाईकांची शर्यत होती, तिच्यावर पैसा आणि पोट अवलंबून होते. आमच्या खानापूरच्या शर्यतीत पहिल्याला एक चषक मिळतो.

आता त्या तिघांविषयी. त्यांतला एक उद्यमबागेतील एका फाउंड्रीत काम करणारा तरुण आहे. रात्रपाळी करून तो शर्यतीला आला होता, आणि सर्वांच्या सांगण्याप्रमाणे परतीच्या वाटेवर सर्वाधिक वारा त्यानेच घेतला. तो चौथा आला. वाद ऐन भरात असताना आम्ही त्याला मुद्दाम गाठून विचारले की, तुझी काही तक्रार आहे काय? तो हसला. म्हणाला, "मी ओढलं ते मला मागच्या थव्यापासून लांब राहायचं होतं म्हणून. मी त्याच्यासाठी कुठं ओढलं?" हे उत्तर ऐकून आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. ज्याला आपण सावकार समजत होतो तोच म्हणतो की कर्ज दिलेच नव्हते! मग ऋण उरले कोठे?

यावर पुष्कळ विचार केल्यावर आम्हांस असे वाटते की, घोटाळा 'ऋण' या शब्दाच्या बाजारी अर्थाने झाला आहे. बाजारात ऋण तेव्हाच असते जेव्हा देणारा मागतो. आपल्या शास्त्रांतले ऋण तसे नाही. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणांनी बांधलेला असतो असे म्हटले आहे: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. यांपैकी कोणीही दारात उभे राहून वसुली करीत नाही. पितरांनी आपल्याला वाढविले ते काही आपण परत करावे म्हणून नव्हे. त्या फाउंड्रीतल्या तरुणाप्रमाणे तेही आपापल्या संसाराची वाट काटीत होते. तरी ऋण आहे. आणि फेडीची रीत तर अधिकच लक्ष देण्यासारखी आहे. पितृऋण पितरांना परत देऊन फिटत नाही, संतती वाढवून फिटते. ऋषिऋण विद्या शिकून पुढे चालविल्याने फिटते. शतपथ ब्राह्मणात यांस चौथे ऋण जोडले आहे, ते मनुष्यांचे; आणि ते माणसांना आसरा व अन्न दिल्याने फिटते असे सांगितले आहे. ज्याने आपल्याला आसरा दिला त्यालाच तो परत द्यावा अशी अट तेथे नाही. जो दारी येईल त्याला द्यावयाचा.

आमच्या मागच्या थव्यात पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ होते. त्यांची सायकल जुनी, गियर मोजकेच. मच्छेच्या पुढे वारा कानशिलात बसू लागला तेव्हा शाळकरी वयाचे दोन मुलगे कडेला फेकले जाऊ लागले. या गृहस्थांनी स्वतः रस्त्याच्या अधिक मध्यावर सरून त्यांना आपल्या डाव्या अंगाला जागा करून दिली आणि पायडल मारता मारताच, चाक कोठे ठेवावयाचे, खांद्याची ओट कशी धरावयाची, पुढच्याच्या कमरेकडे पाहावयाचे की चाकाकडे, हे त्यांना ओरडून ओरडून सांगितले. जाताना वारा डावीकडून असतो आणि तेव्हा जागा उजवीकडे करावी लागते. परतताना हा क्रम उलटा, हेही त्यांनी पोरांकडून घोकून घेतले. त्यांना हे कोणी शिकविले ते आम्ही विचारले नाही. कोणीतरी शिकविलेच असणार. हे पुस्तकात वाचून येत नाही.

तेव्हा सत्काराविषयी आमचे मत असे की, तो अवश्य करावा. पहाटे चारला उठून महिनोन्महिने सराव करणारा तरुण आपल्या कुटुंबांत आहे ही संतोषाची गोष्ट आहे, आणि ज्याचा निवाडा करण्यास आपण असमर्थ आहोत त्या एका क्षणासाठी त्याला देवळाच्या पायरीवर उभे करून परत पाठविणे योग्य होणार नाही. त्याला त्या क्षणाचा हिशेब ठाऊक आहे. पुढच्या मार्गशीर्षात, वारा पूर्वेचाच असताना, तो काय करतो ते रस्त्यावरचे लोक पाहतीलच. त्याने पुढे होऊन एखाद्या नवख्याला आडोसा दिला तर त्याचे कारण आपण विचारू नये.

मात्र एक विनंती आहे. सत्काराच्या वेळी वाचावयाच्या मानपत्राचा मसुदा सूचनाफलकावर लावला आहे, तो आम्ही वाचला. भाषा सुंदर आहे. परंतु दुसऱ्या परिच्छेदात, सदर तरुणाने हा विजय 'केवळ स्वबळावर' संपादन केला, असे शब्द आहेत. ५० किलोमीटर, पूर्वेचा वारा, चार सायकली. हे दोन शब्द त्या मुलाविषयीच नव्हे, त्या दिवशी रस्त्यावर असलेल्या कोणाविषयीही लिहिता येण्यासारखे नाहीत, आमच्या थव्यातल्या त्या गृहस्थांविषयीही नाहीत. मानपत्र येत्या गुरुवारी छापखान्यात जावयाचे आहे असे समजते. त्यापूर्वी चिटणीसांनी ते शब्द गाळावेत, आणि शक्य झाल्यास त्या जागी उरलेल्या तिघांची नावे घालावीत. नावे पंचांच्या वहीत आहेत. फाउंड्रीतल्या तरुणाचे शुद्ध नाव तेवढे त्याला विचारून घ्यावे लागेल, वहीत ते चुकीचे लिहिले गेले आहे.